गरगर, पण मोजून!

पंखा, भोवरा, बांगडी, चेंडू, ताटली, तारे... फिरणारं काहीही चालेल. त्यावर एक ठिपका हवा आणि हातात मोबाईल. बाकीचं काम फिजिक्स करतं.

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्समध्ये पहिलाच धडा फिरणाऱ्या वस्तूंचा. कोनीय वेग, कोनीय संवेग, मोमेंट ऑफ इनर्शिया... सूत्रं पाठ होतात, गणितंही सुटतात. पण डोक्यावरचा पंखा सेकंदाला किती फेरे घेतो, असं विचारलं की वर्ग गप्प. खरं तर उत्तर खिशातच असतं. व्हिडिओ म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो. दोन फोटोंमध्ये वस्तू किती अंश वळली ते मोजा, मधल्या वेळाने भागा, की कोनीय वेग मिळाला! व्हिडिओ ॲनालिसिस म्हणतात ते हेच. या साध्या युक्तीने मांजरापासून सूर्यापर्यंत कोणाकोणाची गिरकी मोजता येते, त्याची ही यादी.

१. पंखा उलटा का फिरतो?

घरातला नेहमीचा सीलिंग फॅन फुल स्पीडवर मिनिटाला साधारण ३५० ते ४०० फेरे घेतो. सोयीसाठी ३६० धरू. म्हणजे सेकंदाला ६ फेरे. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, तेव्हा दोन फ्रेममध्ये पंखा ७२ अंश पुढे जातो. पण तिन्ही पाती दिसायला सारखी आणि एकमेकांपासून १२० अंशांवर. त्यामुळे डोळा सगळ्यात जवळची जागा पकडतो. मागून येणारं पातं पुढच्या पात्याच्या जागेच्या ४८ अंश अलीकडेच थांबलेलं दिसतं आणि पडद्यावर पंखा सेकंदाला ४ फेरे उलटे घेताना दिसतो! उपाय अगदी स्वस्त आहे. पंखा बंद असताना एकाच पात्यावर रंगीत टेप चिकटवा. आता तीन पाती एकमेकांची जागा घेऊन फसवू शकत नाहीत. टेप दर फ्रेमला ७२ अंश सरकते आणि पाच फ्रेममध्ये बरोबर एक फेरा पुरा होतो.

२. सिनेमातली बग्गी जागच्या जागी

जुन्या हॉलिवूडपटांत घोडागाडी सुसाट धावते आणि चाकं मात्र उलटी फिरतात किंवा चक्क थांबतात. कारण तेच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. १२ आऱ्यांचं चाक सेकंदाला बरोबर २ फेरे घेत असेल, तर प्रत्येक फ्रेमला एक आरा दुसऱ्याच्या जागी येऊन बसतो आणि चाक स्थिर दिसतं. वेग किंचित कमी झाला, की चाक मागे सरकू लागतं. यावरून मोजणीचा नियमच मिळतो: खुणेचा अर्धा फेरा पुरा व्हायच्या आत पुढची फ्रेम आलीच पाहिजे. नाहीतर वस्तू सरळ फिरते की उलटी, हे व्हिडिओ सांगूच शकत नाही.

३. पाती तलवारीसारखी वाकतात

विमानाच्या खिडकीतून मोबाईलने काढलेल्या फोटोत पंख्याची पाती कधी कधी वाकड्या तलवारीसारखी दिसतात, काही तर दांड्यापासून सुटून हवेत तरंगतात. पाती ठणठणीत असतात. मोबाईलचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. एकेक ओळ वरून खाली वाचत जातो. सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत सेकंदाचा १/५० भाग गेला, असं धरा. तेवढ्यात आपला ३६० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला ३६० फेऱ्यांचा, साधा पंखासुद्धा ४३ अंश वळलेला असतो. म्हणजे फोटोचा वरचा भाग आधीचा आणि खालचा नंतरचा! याला रोलिंग शटर म्हणतात. कोन मोजताना हा झोल डोक्यात ठेवायचा आणि ठिपका शक्यतो प्रत्येक फेऱ्यात चित्रात एकाच जागी आला, की मोजायचा.

४. रेकॉर्डच्या कडेचे १८० ठिपके

व्हिडिओ घरोघरी येण्याआधी गाण्याचे शौकीन हेच तंत्र दिवाणखान्यात वापरत होते. एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. चांगल्या टर्नटेबलच्या कडेला ठिपक्यांची रांग असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. कडेला १८० ठिपके असतील आणि तबकडीचा वेग अचूक असेल, तर प्रत्येक उजळण्याला एक ठिपका पुढच्याच्या जागी येतो आणि रांग स्थिर दिसते. वेग वाढला की ठिपके पुढे सरकतात, घटला की मागे. एका दृष्टीने रेकॉर्ड प्लेअर हे कॅमेरा तपासायचं उत्तम साधन आहे. एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे ३० फ्रेमच्या व्हिडिओत बरोबर ५४ फ्रेम भरायला हव्यात.

५. सायकलचं चाक: खाली स्पष्ट, वर धूसर

रस्त्याने जाणाऱ्या सायकलचा बाजूने फोटो काढा. चाकाच्या खालच्या भागातले स्पोक नीट मोजता येतात, वरचे मात्र पुसट होतात. सायकल ताशी १८ किलोमीटरने चालली असेल, तर चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी पूर्ण थांबलेला असतो आणि सगळ्यात वरचा बिंदू ताशी ३६ किलोमीटरने पळत असतो. एकाच चाकात शून्य आणि दुप्पट, दोन्ही वेग!

टायरवर खडूने खूण करून तिचा मार्ग फ्रेम-फ्रेमने काढलात, तर कमानींची सुरेख रांग तयार होते. हा सायक्लॉइड. चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे २.२ मीटर पुढे जाते, पण खडूची खूण २.८ मीटर चालते. कमानीची लांबी व्यासाच्या बरोबर चौपट असते आणि त्यात π चा मागमूस नसतो. हे १६५८ मध्ये क्रिस्टोफर रेन यांनी शोधलं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुकार तेच.

६. लोकल पुढे, चाकाचा तुकडा मागे

रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक कड असते आणि ती रुळाच्या वरच्या पातळीपेक्षा खाली उतरलेली असते. चाक रुळाला जिथे टेकतं, तो बिंदू क्षणभर थांबलेला. मग त्याच्याही खाली असलेली कड? ती मागे जाते! गाडी कितीही वेगात पुढे धावत असो, प्रत्येक चाकाच्या कडेचा तळाचा भाग त्या क्षणी उलट्या दिशेने सरकत असतो. वर्गात हे दाखवायला एका डब्याच्या झाकणावर त्यापेक्षा मोठी पुठ्ठ्याची चकती चिकटवा, झाकण टेबलाच्या कडेवरून गडगडवा आणि चकतीच्या काठावरचा ठिपका ट्रॅक करा. त्याच्या मार्गात खाली छोटा फास पडतो. तो फास म्हणजेच मागे जाण्याचा पुरावा.

७. गोटी, सोंगटी आणि बांगडी

ही शर्यत प्रत्येक वर्गात व्हायलाच हवी. एक फळी १० अंश तिरकी करा. तिच्यावरून एक मीटर अंतर गोटी, कॅरमची सोंगटी आणि बांगडी गडगडू द्या. सोंगटी आणि बांगडी काठावर उभी धरून सोडा. गोटी सर्वांत आधी, सोंगटी दुसरी आणि बांगडी शेवटी. गोटी लहान घ्या की मोठी, बांगडी काचेची घ्या की पितळेची, निकाल बदलत नाही. घसरण्याऐवजी गडगडताना काही ऊर्जा फिरण्यात खर्ची पडते. बांगडीचं सगळं वजन काठावर, म्हणून तिची निम्मी ऊर्जा नुसती गिरकीत जाते. सोंगटीची एक तृतीयांश आणि गोटीची दोन सप्तमांश.

आता मोजणीची गंमत बघा. हिशोबाने गोटी १.२८ सेकंदांत, सोंगटी १.३३ सेकंदांत आणि बांगडी १.५३ सेकंदांत पोहोचते. बांगडी किती मागे राहिली हे साध्या व्हिडिओतही कळतं, सात-आठ फ्रेमचा फरक पडतो. पण गोटी आणि सोंगटी यांच्यात जेमतेम एक-दीड फ्रेम. तोच प्रयोग २४० फ्रेमच्या स्लो-मोमध्ये टिपा. अंतर ११ फ्रेमचं होतं आणि शंकेला जागाच उरत नाही. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाला हा फरक कधीच पकडता आला नसता.

८. विटीच्या पोटातला शहाणा बिंदू

दांडूचा फटका टोकाला बसला, की विटी गरगरत वर उडते. टोकं कशीही हेलकावतात, पण बरोबर मध्यावर काढलेला ठिपका ट्रॅक केलात तर तो शांतपणे पॅराबोला काढतो, जणू विटी फिरतच नाही. हा वस्तुमानमध्य. अमेरिकन छायाचित्रकार बेरेनीस ॲबट यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी शाळेच्या फिजिक्सच्या नव्या पुस्तकासाठी असेच फोटो काढले. त्यांच्या एका प्रसिद्ध फोटोत गुळगुळीत पृष्ठभागावरून गरगरत सरकणारा पाना एकाच चित्रात अनेक वेळा दिसतो. पाना गिरक्या घेतो आणि त्याचा वस्तुमानमध्य सरळ रेषेत चालतो. त्या काळी अंधार, चमकणारा दिवा आणि खास कॅमेरा लागे. आज मैदान, विटी आणि मोबाईल पुरे.

९. मांजराने शास्त्रज्ञांना चकवलं

उलटं पडलेलं मांजर पायांवरच कसं उतरतं? आधाराला काही नसताना वळायचं कसं? पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मॅरे यांनी १८९४ मध्ये पडत्या मांजराचे सलग फोटो काढून दाखवले. सोडताना मांजराने हाताचा आधार घेऊन रेटा मारला असेल, असा आक्षेप विद्वानांनी घेतला. पण फ्रेम खोटं बोलत नव्हत्या. सुरुवातीला मांजराला गिरकी नव्हतीच, ती हवेत आली.

गुपित असं: मांजर कमरेत वाकतं. आधी पुढचे पाय जवळ ओढून पुढचं धड खूप वळवतं, तेव्हा मागचे पाय पसरलेले असल्याने मागचा भाग उलट दिशेला थोडासाच वळतो. मग अदलाबदल. एकूण कोनीय संवेग शून्यच राहतो आणि तरी मांजर पलटतं. १९६९ मध्ये केन आणि शेर या दोन संशोधकांनी याचं पूर्ण गणित मांडलं. मांजराला उगाच पाडू नका. जुनी फिल्म फ्रेम-फ्रेम बघण्यातच खरी मजा आहे.

१०. बर्फावरची मुलगी आणि छतावरचा पंखा

२०१५ मध्ये कॅनडाच्या ऑलिव्हिया रिबिका-ऑलिव्हर या अवघ्या ११ वर्षांच्या स्केटरने बर्फावर मिनिटाला ३४२ फेऱ्यांचा गिनीज विक्रम केला. म्हणजे जवळजवळ आपल्या पंख्याचा फुल स्पीड! हात छातीशी ओढले की मोमेंट ऑफ इनर्शिया घटते आणि कोनीय संवेग तोच राहावा म्हणून वेग वाढतो. फिरत्या खुर्चीवर बसून, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन हे करता येतं. वरून व्हिडिओ काढा, हात लांब असताना आणि जवळ ओढल्यावर एका फेऱ्याला किती फ्रेम लागतात ते मोजा. त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया किती पट कमी झाली, त्याचं थेट उत्तर. वजनकाटा नको, पट्टी नको.

११. फिरकीचा चेंडू किती फिरतो?

टीव्हीवर फिरकी गोलंदाजाच्या चेंडूखाली आरपीएमचा आकडा झळकतो. चांगल्या फिरकीला २००० च्या घरातला आकडा दिसतो. २००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३ फेरे. ताशी ८० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटून १५ मीटरवर टप्पा पडेपर्यंत हवेत बावीस-तेवीस वेळा फिरतो. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो दर फ्रेमला ४०० अंश वळतो, म्हणजे दिसायला फक्त ४० अंश, आणि सेकंदाला ३३ फेरे घेणारा चेंडू तीन-साडेतीन फेऱ्यांचा आळशी वाटतो. बरोबर १८०० आरपीएम असेल तर शिवण जागची हलतच नाही! स्लो-मो लावा, २४० फ्रेममध्ये दर फ्रेमला ५० अंश आणि मोजणी निर्धास्त. खूण करायचीही गरज नाही, शिवण हीच खूण. गल्लीतल्या टेनिस बॉलला मात्र मार्करने एक जाड पट्टा मारा.

१२. थकलेला भोवरा डोकं जास्त वेगाने का फिरवतो?

जाळी गुंडाळून भोवरा फेकला, की आधी तो आरीवर ताठ उभा. मग कलतो आणि त्याचं डोकं हळूहळू गोल फिरू लागतं. भोवऱ्याची स्वतःची गिरकी मंदावत जाते, तसं हे डोलणं उलट वाढत जातं. भोवऱ्याच्या बरोबर वर कॅमेरा धरा, डोक्यावर एक ठिपका मध्यात आणि एक काठाला द्या. काठाचा ठिपका गिरकी सांगतो, मधला डोलणं. दर काही सेकंदांनी दोन्ही मोजून त्यांचा गुणाकार करा. भोवऱ्याचं तिरकेपण फारसं बदललं नसेल, तर गुणाकार जवळपास सारखाच येतो. पुस्तकातलं एक सूत्र अंगणात सिद्ध झालं.

१३. पुस्तकाची न विचारता मारलेली कोलांटी

१९८५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव्ह सॅल्युत-७ या स्थानकात काम करत होते. एक विंग नट स्क्रूवरून सुटून हवेत गरगरत निघाला आणि काही क्षणांनी आपोआप उलटा झाला, परत सुलटा, परत उलटा. ही जादू घरीही होते. फिजिक्सचं पुस्तक रबरबँडने घट्ट बांधा आणि तिन्ही अक्षांभोवती फिरवून वर उडवा. सगळ्यात सोप्या आणि सगळ्यात अवघड अक्षाभोवती ते नीट फिरतं. मधल्या अक्षाभोवती फिरवलं की अर्ध्यातच कोलांटी मारतं. मधला अक्ष मुळातच अस्थिर असतो, त्यामुळे हात कितीही सफाईने फिरवला तरी पुस्तक पलटतंच. पुस्तकाच्या दोन बाजूंना दोन वेगळे रंग लावा आणि स्लो-मोमध्ये कोणत्या फ्रेमला रंग पालटतो ते शोधा.

१४. सूर्याची गिरकी: १६१२ चा व्हिडिओ

कॅमेरा जन्मायच्या दोनशे वर्षांहून आधी गॅलिलिओंनी व्हिडिओ ॲनालिसिस केलं. १६१२ च्या उन्हाळ्यात त्यांनी दिवसामागून दिवस सूर्यावरचे डाग कागदावर उतरवले. ती चित्रं क्रमाने एकामागून एक दाखवली, तर सूर्य फिरताना दिसतो. डाग हाच ठिपका, दिवस हीच फ्रेम. पृथ्वीवरून पाहताना सूर्याचा एक फेरा साधारण २७ दिवसांचा भरतो. पुढे १६६५ मध्ये कॅसिनी यांनी गुरूवरच्या डागावरून त्याचा दिवस ९ तास ५६ मिनिटांचा ठरवला, आजच्या आकड्याच्या अगदी जवळ. तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या वेधशाळेतही १९०४ पासून सूर्याचे फोटो टिपले गेले आहेत. शंभर वर्षांची संथ फिल्मच ती.

१५. पुण्यातला लंबक आणि ध्रुवतारा

पृथ्वीची गिरकी मोजायची? पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फूकोचा लंबक आहे. १८५१ मध्ये लिओं फूको यांनी पॅरिसच्या पँथेऑनमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगून पृथ्वी फिरते हे सगळ्यांना डोळ्यांनी दाखवलं. पॅरिसमध्ये लंबकाच्या झोक्याची दिशा सुमारे ३२ तासांत पूर्ण वळसा घेते. पुणे विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून इथे तासाला जेमतेम ४.८ अंश आणि पूर्ण वळशाला ७५ तास.

घरच्या गच्चीवरूनही जमतं. मोबाईल स्टँडवर लावून उत्तरेला ध्रुवताऱ्याकडे टाइमलॅप्स घ्या. पुण्यातून तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो. त्याच्याभोवतीचा कोणताही तारा निवडा आणि तासाभरात तो किती वळला ते मोजा. उत्तर १५ अंश. चार मिनिटांना जवळजवळ एक अंश.

१६. मोबाईलला हरवणारा तारा

पल्सार म्हणजे गरगर फिरणारे तारे. आत्तापर्यंत सापडलेल्या पल्सारपैकी सर्वांत वेगवान पल्सार सेकंदाला ७१६ फेरे घेतो. २४० फ्रेमच्या स्लो-मोने तो टिपता आला असता, तर काय दिसलं असतं? २४० ची तिप्पट ७२०. तारा दर फ्रेमला तीन फेऱ्यांना किंचित कमी पडतो, म्हणून तो सेकंदाला ४ फेरे उलटे फिरताना दिसला असता. पहिल्याच आयटममधला पंखा आणि हा तारा, दोघांचा हिशोब एकच.

चला, मोजू या!

• खूण: एकच आणि ठळक. अक्षापासून शक्य तेवढी लांब, म्हणजे कोन नीट वाचता येतो.

• कॅमेरा: फिरण्याच्या पातळीला अगदी समोरून, स्टँडवर. तिरका धरला तर वर्तुळ लंबगोल होतं आणि कोन चुकतात.

• उजेड: भरपूर. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि ठिपक्याची पुसट रेघ होते. पंखा १/६० सेकंदात ३६ अंश वळतो, १/१००० सेकंदात फक्त २. प्रो मोड असेल तर शटर वेगवान ठेवा.

• वेळ: चौकटीत स्टॉपवॉच ठेवा. काही मोबाईल कमी उजेडात गुपचूप फ्रेम कमी करतात. स्टॉपवॉच ते उघडं पाडतं.

• स्लो-मोचा सापळा: २४० फ्रेमचा व्हिडिओ ३० ने वाजतो, म्हणून सॉफ्टवेअरला खरा फ्रेमरेट सांगा. विसरलात तर उत्तर आठपट कमी येईल.

• फेरे: एक मोजू नका, दहा मोजा. एका फेऱ्याला ५ फ्रेम लागत असतील, तर एका फ्रेमची चूक २० टक्क्यांची. दहा फेऱ्यांवर तीच चूक २ टक्क्यांवर येते.

• सॉफ्टवेअर: ट्रॅकर. डग्लस ब्राउन यांनी लिहिलेलं, ओपन सोर्स फिजिक्स प्रकल्पातलं आणि पूर्ण मोफत. अक्षावर आरंभबिंदू ठेवा, ठिपका निवडा, ऑटोट्रॅकर फ्रेममागून फ्रेम तो शोधतो आणि कोन व कोनीय वेगाचे आलेख समोर येतात.

• पहिला प्रयोग: पंखा बंद करा आणि थांबेपर्यंतचा व्हिडिओ घ्या. वेगाचा आलेख सरळ रेषेत उतरला, तर बेअरिंगचं घर्षण वरचढ. आधी झपाट्याने आणि मग हळू उतरला, तर हवेचा विरोध.

१७. आणि शेवटी, फाइनमन यांची ताटली

दुसऱ्या महायुद्धानंतर रिचर्ड फाइनमन कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते. कँटीनमध्ये कोणीतरी एक ताटली हवेत फेकली. ताटली डुगडुगत होती आणि तिच्यावरचं कॉर्नेलचं लाल चिन्ह गोल फिरत होतं. फिरणं आणि डुगडुगणं यांचं काय नातं, हा प्रश्न त्यांना छळू लागला. केवळ मजा म्हणून त्यांनी गणित केलं आणि ती मजाच त्यांना पुन्हा संशोधनाकडे घेऊन गेली. त्याच वाटेवरच्या कामाला पुढे १९६५ चा नोबेल मिळाला, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

गंमत इथे आहे. आठवणींच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की ताटली डुगडुगण्याच्या दुप्पट वेगाने फिरते. खरं गुणोत्तर नेमकं उलटं: ताटली एकदा फिरते, तेवढ्यात दोनदा डुगडुगते. १९८९ मध्ये बेंजामिन चाओ यांनी ‘फिजिक्स टुडे’ मासिकात हे दाखवून दिलं.

आता तुमची पाळी. कागदाच्या ताटलीच्या काठावर लाल ठिपका काढा, थोडी डुगडुगेल अशी वर फेका आणि २४० फ्रेममध्ये टिपा. ठिपक्याचा एक फेरा होईपर्यंत समोरची कड किती वेळा वर-खाली झाली, ते मोजा. नोबेल विजेत्याच्या पुस्तकातलं वाक्य बारावीतली मुलगी पाच मिनिटांत तपासू शकते, आणि विज्ञान शिकवण्याचं यापेक्षा मोठं यश मला माहीत नाही. म्हणून सर्व शिक्षकांना मनापासून विनंती: परिवलनाचा धडा सुरू करताना पहिला तास फळ्याला देऊ नका, पंख्याला द्या. मोबाईल बाहेर काढू द्या, टेप चिकटवू द्या, फ्रेम मोजू द्या. ओमेगा, म्हणजे कोनीय वेग, काय ते मुलं स्वतःच सांगतील, आणि सूत्र त्यानंतर लिहिलं तरी चालेल.